अठ्ठेचाळीस जनावरं आणि आठची हजेरी

२६ मे. लसीच्या फ्रीजमधला बर्फ काढायचा होता.

हे काम खरं तर परिचराचं. पण त्याच्या हातात सुरी दिली की तो बर्फ खरवडायला लागतो. एकदा त्याने आतली नळीच फोडली, तेव्हापासून मी स्वतः करते. बटण बंद करायचं, दार उघडं ठेवायचं, खाली गोणपाट टाकायचं आणि वाट बघायची. आतल्या बाटल्या त्याआधी बर्फाच्या डब्यात हलवायच्या. त्या दिवशी हलवायला दोनच बाटल्या होत्या, घटसर्पाच्या लसीच्या.

घटसर्प ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तो पावसाबरोबर येतो. जनावर सकाळी चरायला जातं, दुपारी मान खाली घालून उभं राहतं. गळा सुजतो, श्वास घरघरायला लागतो, आणि निरोप मिळून आपण पोचेपर्यंत बहुतेक वेळा पंचनामाच करायचा उरतो. औषधाला तो वेळ देत नाही. लस मात्र साधी आहे आणि पावसाआधी टोचली तर काम करते. माझ्या दवाखान्याच्या हद्दीतलं टोचून झालं होतं. एक पाडा राहिला होता. बोईसरहून तासाभराच्या अंतरावर, रेल्वेच्या पूर्वेला, डोंगराला टेकलेला. तिथली अठ्ठेचाळीस जनावरं. त्या दोन बाटल्या त्यांच्या होत्या.

टेबलाच्या खणात एक नोटीस होती. मी या महिन्यात अकरा दिवस कर्तव्यावर उशिरा हजर झाले, असं तीत म्हटलं होतं. खुलासा त्याच दिवशी द्यायचा होता. बर्फ वितळायला दीड तास लागतो. तेवढ्यात खुलासा लिहून होईल असा माझा हिशोब होता.

माझी नोकरी सरकारी आहे म्हटलं की लोक दहा ते पाच म्हणतात. नात्यातल्या लग्नांत मला हे हमखास ऐकवलं जातं. तुझं काय बाई, सुट्ट्याच सुट्ट्या. मी वाद घालत नाही. गाय अडली की ती पंचांग बघत नाही, हे त्यांना सांगून उपयोग नसतो. माहीमला एका वाडीत केळीच्या बागेमागे एक गाय अडली होती. वासराचा पाय दुमडलेला. मी गोणपाटावर आडवी पडून, हात खांद्यापर्यंत आत, तो पाय शोधत होते. मालकाचे थोरले भाऊ मागून आले आणि विचारायला लागले, डॉक्टर आले का, कुठे आहेत डॉक्टर. मी वळूनही न बघता म्हटलं, “डॉक्टर खांद्यापर्यंत आत आहेत, थांबा थोडं.” वासरू जिवंत निघालं. त्यानंतर त्या वाडीतून डॉक्टर कुठे आहेत असं कोणी विचारलं नाही.

दिवस कसा जातो ते सांगायचं तर दोन दिवस सारखे नसतात. तारापूरच्या वसाहतीतले कुत्रे रविवारी आजारी पडतात, कारण रविवारी घरी मटण असतं आणि हाडं त्यांना जातात. कोळीवाड्यातल्या बायका बकऱ्या घेऊन येतात त्या मासळी उतरवून, विकून, घर आवरून मग, म्हणजे दवाखाना बंद करायच्या वेळेला. बोईसरच्या कारखान्यांतला कोणी कामगार रात्रपाळी संपवून सकाळी बकरीला कडेवर घेऊन दारात उभा असतो. “मॅडम, कल से कुछ खाया नहीं है,” तो सांगतो, आणि बकरीपेक्षा त्याचे डोळे जास्त सुजलेले असतात. यातलं कोणीही पाटीवरची वेळ वाचत नाही. वाचावी असं मलाही वाटत नाही. हे सगळं दिवसाच्या कोणत्याही तासात बसवता येतं. पाडा बसवता येत नाही, आणि भांडण त्यावरूनच झालं.

डोंगराकडे भात कापून झालं की गुरांना राखण नसते. पावसाळ्यात गुराखी असतो, कारण शेतं उभी असतात. उन्हाळ्यात खायला काही उभंच नाही, तर राखायचं कशाला? तेव्हा पहाटे दोर सोडला की गुरं आपली आपण निघतात. ऊन चढायच्या आत डोंगरात जातात, दुपारी ओढ्याच्या सावलीत बसतात, संध्याकाळी परत येतात. सहा वाजल्यानंतर पाड्यात तुम्हाला कोंबड्या भेटतील, म्हातारी माणसं भेटतील, जनावर भेटणार नाही. मोकळ्या रानात बैल धरून त्याच्या मानेत सुई घालणं हे सिनेमातही कोणी दाखवलेलं नाही. म्हणून आदल्या आठवड्यात निरोप द्यायचा, वार ठरवायचा, आणि त्या दिवशी त्यांनी दोर सोडायचा नाही. मी पाच-सव्वापाचला पोचायचं. एक एक खुंटा घेत जायचं. टोचलं की त्या जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहायचा, आणि मालकाने तिथेच दोर सोडायचा. माझ्या आधीचे डॉक्टर असंच करत. त्यांच्या आधीचेही असंच करत असतील. यात शोध माझा काही नाही.

मग हजेरीचं ॲप आलं. सकाळी आठला दवाखान्यापासून शंभर मीटरच्या आत उभं राहून फोनवर स्वतःचा फोटो काढायचा. फोटो नाही तर हजर नाही. उशिरा फोटो तर उशिरा हजर. पहिल्या आठवड्यात आमच्या परिचराचा चेहरा त्या ॲपला ओळखताच येईना, कारण नोंदणी मिशीसकट झाली होती आणि मिशी त्याने नंतर काढली. तो दारात उभा राहून वेगवेगळी तोंडं करत होता.

“मॅडम, सव्वीस वर्षं नोकरी केली, आता हे म्हणतं तू कोण?”

“घरी जाऊन बायकोला विचारा, ती ओळखते का.”

“तीही म्हणाली, मिशी वाढवा.”

आम्ही हसलो. मला वाटलं, महिनाभर चालेल आणि विसरलं जाईल. एप्रिल-मे लसीकरणाचा हंगाम. मी पाचला कामाला लागायचे, साडेसात-आठला पाड्यातून निघायचे, नऊ-सव्वानऊला दवाखान्यात पोचून फोटो काढायचे. ॲपने प्रत्येक वेळी लाल अक्षरांत विलंब लिहिलं. मी चार तास काम करून आलेली असायचे, अंगाला शेणाचा वास, आणि फोनमध्ये मी उशिरा उठलेली आळशी बाई.

जिल्ह्याचे साहेब वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी आधी फोनवर समजावलं. पाड्यांना पहाटे जायचं बंद करा, अकराला ग्रामपंचायतीच्या आवारात शिबिर लावा, लोक गुरं घेऊन येतील, फलक लावा, फोटो पाठवा. मी तेही करून पाहिलं. फलक लावला. सात म्हशी आणि दोन गाई आल्या, सगळ्या रस्त्याकाठच्या, गोठ्यात बांधून असणाऱ्या. डोंगरातलं एकही जनावर आलं नाही. येणार कसं, तेव्हा ते ओढ्यात बसलं होतं. फोटो मात्र चांगला आला. साहेबांनी अंगठा पाठवला.

आता मी केलेली चूक.

त्या पाड्याला मी गुरुवार दिला होता. बुधवारी संध्याकाळी सगळ्यांना संदेश आला, की उद्यापासून आठच्या हजेरीत कोणतीही सूट नाही, उशीर झाल्यास नोटीस. माझ्या नावावर तोवर अकरा लाल ओळी झाल्या होत्या. मी बराच वेळ फोन हातात घेऊन बसले. मग परिचराला सांगितलं, पाड्याला कळवा, उद्या येत नाही. पाड्यात दोघांकडे फोन आहेत आणि ते टेकडीवर चढल्याशिवाय लागत नाहीत. त्याने सात-आठ वेळा लावला. लागला नाही. काय करू, असं त्याने विचारलं.

मी म्हटलं, राहू दे. आपण गेलो नाही की त्यांना कळेलच.

हे वाक्य माझं. ते मी घाबरून बोलले, आणि घाबरले ते कागदाला. गुरुवारी आठला मी दवाखान्यात होते. फोटो वेळेत निघाला, हिरवी खूण आली. नोटीस तरीही शुक्रवारी आलीच, आधीच्या अकरा दिवसांची.

शनिवारी बोईसरचा बाजार असतो. दहाच्या सुमारास त्या पाड्यातली एक बाई दवाखान्यात आली. माझ्याच वयाची असेल. तिची चार गुरं आहेत, आणि पाड्यात गुरांच्या बाबतीत तिचा शब्द चालतो. दरवर्षी तिने बांधली की बाकीचे बांधतात. करवंदांची टोपली तिने पायरीवर ठेवली आणि ती दारातच उभी राहिली. मी या म्हटलं, तरी आत आली नाही.

“बेस्तवारी तू येनार होतीस.”

“हो. आले नाही.”

“आमी गुरा सोडली नाय.”

मला लगेच समजलं नाही. मी विचारलं, किती वाजेपर्यंत.

“दुपारपावत. पोरी पानी आनून थकल्या. म्हातारा बैल दोराला झटून झटून पडला. लोका बोलली, सोड आता. मी बोलली, बाय येल. ती सांगते तशी येते.”

मे महिन्यातलं ऊन. अठ्ठेचाळीस जनावरं खुंट्याला, चारा नाही, डोक्यावर सावली नाही. शहरातल्या माणसाने तासभर वाट पाहिली असती, शिव्या दिल्या असत्या आणि निघून गेला असता. त्यांनी पहाटेपासून दुपारपर्यंत वाट पाहिली, कारण बाई येणार म्हणाली होती. मी म्हटलं होतं, त्यांना कळेलच. त्यांना जे कळलं ते मी समजले होते तसं नव्हतं. मला उशीर झालाय, एवढंच त्यांना कळलं.

मी कारणं दिली नाहीत. ॲप, संदेश, नोटीस हे सगळं तिला सांगितलं असतं तर ते खरंच होतं, पण तिच्या बैलाला त्याचा काय उपयोग? दुसरा दिवस ठरवू या, असं मी म्हटलं.

“तुजा सरकार तुला सोडल तवा ये.”

“बुधवारी येते. पाचला.”

ती मग म्हणाली, “मी माजी चार बांदीन. बाकीच्यांचा माला ठाव नाय. लोका हसतात माला. माजा कोन आयकनार आता?”

मी करवंदं मागितली. संपली, असं म्हणून तिने टोपली उचलली. टोपली अर्धी भरलेली होती.

तर अशी ती २६ मे. मंगळवार उजाडला होता, बुधवारी पाडा होता, फ्रीजमधून पाणी गळत होतं आणि मी खुलासा लिहीत होते. दोन कागद फाडले. पहिल्यात विनंती जास्त झाली, दुसऱ्यात राग. तिसरा ठेवला. त्यात लिहिलं की मी अकरा दिवस उशिरा हजर झाले नाही, अकरा दिवस तीन तास आधी कामाला लागले. त्या अकरा दिवसांत कोणत्या पाड्यात किती जनावरांना टोचलं त्याची यादी बिल्ल्यांच्या नंबरांसह जोडली. उन्हाळ्यात गुरं पहाटे सुटतात म्हणून लसीकरण पहाटेच होतं, हे दोन ओळींत लिहिलं. एका पाड्यात लसीकरण बाकी आहे, ते उद्या दिनांक २७ रोजी पहाटे करणार आहे आणि त्या दिवशीही आठला दवाखान्यात नसेन, हे शेवटी लिहिलं. क्षमस्व लिहिलं नाही. क्षमा मागायची होती ती वेगळ्या ठिकाणी.

दुपारी साहेब स्वतःच आले. तारापूरकडे बैठकीला चालले होते, वाटेत थांबले. बर्फाचं पाणी पुसायला मी खाली बसले होते. उठले, हात पुसले, कागद दिला. त्यांनी उभ्यानेच वाचला आणि खुर्ची ओढून बसले.

“मॅडम, खुलासा असा असतो का?”

मी म्हटलं, जे घडलं ते लिहिलंय.

त्यांनी सावकाश सांगितलं. उद्या सकाळी आठला वरून पाहणी आहे. नेमका माझाच दवाखाना निवडला आहे, कारण लाल ओळी सगळ्यात जास्त माझ्या. मी दारात उभी असले, फोटो वेळेत निघाला आणि खुलाशात एकच ओळ असली, की यापुढे दक्षता घेईन, तर ते तिथल्या तिथे फाईल बंद करतील. त्यांनी तसं बोलून ठेवलं होतं. माझ्यासाठीच बोलून ठेवलं होतं, हे मला दिसत होतं.

मी पाड्याचं विचारलं. त्यांनी बर्फाच्या डब्याकडे पाहिलं.

“दोनच बाटल्या ना? इथल्या तबेल्यांत टोचून टाका. दहा वाजता केलंत तरी चालेल.”

“तबेल्यांनी आपापल्या डॉक्टरांकडून टोचून घेतलंय.”

“आपल्या नोंदीत आहे का?”

“नाही.”

“मग? आपलं उद्दिष्ट पुरं होतं, बाटल्या वाया जात नाहीत. पाड्याचं पावसानंतर बघू.”

पावसानंतर बघायला काय उरतं ते त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. तेही पंधरा-वीस वर्षं मोटरसायकलवर डबा बांधून हिंडलेले आहेत. त्यांच्या डाव्या अंगठ्याचं टोक एका रेड्याने नेलं आहे, आणि ते कसं गेलं हे ते प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. मी त्यांना अंगठ्याची आठवण करून दिली नाही. ते माझ्याकडे बघत नव्हते.

“एक ओळ आहे मॅडम. लिहून टाका. कोण बघतंय नंतर?”

“साहेब, ती ओळ लिहिली तर मला ती खरी करावी लागेल.”

“म्हणजे उद्या आठला तुम्ही इथे नाही.”

“नाही.”

“ते विचारतील तेव्हा मी काय सांगू?”

“मी कुठे आहे ते सांगा. पाड्याचं नाव लिहिलंय. त्यांना यायचं असेल तर रस्ता शेवटपर्यंत गाडीचा आहे, फक्त पाचला यावं लागेल.”

त्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते दाबलं. हे सर्व्हिस बुकात जाईल, असं म्हणाले. शेरा एकदा लागला की लागला. पुढची बढती, पुढची बदली, सगळीकडे तो आधी पोचतो. मी म्हटलं, पोचू दे. हे मी मोठ्या शौर्याने म्हटलं असं नाही.  पण शनिवारी दारात जे ऐकलं होतं त्यानंतर दुसरं काही म्हणता येत नव्हतं.

ते कागद घडी करून खिशात घालायला लागले तेव्हा मी दुसरी प्रत पुढे केली आणि पोच मागितली. क्षणभर त्यांना ते लागलं. मग पेन काढलं, सही केली, तारीख घातली, वेळही घातली. जाताना परिचराला म्हणाले, तुम्ही तरी उद्या आठला इथे राहा, कुलूप लावून नका ठेवू. परिचर हो साहेब म्हणाला.

फ्रीज पुसून कोरडा केला, बटण सुरू केलं, थंड व्हायला दोन तास लागले. बाटल्या परत आत ठेवल्या आणि मगच निघाले.

आमचं घर पालघरला. नवरा बोईसरच्या एका कारखान्यात पाळीचा प्रमुख आहे. त्याची पाळी बदलत असते, माझी बदलत नाही असं सगळे म्हणतात, त्यामुळे आठवड्यात आमची भेट होते ती बहुधा ओट्यापाशी. त्या संध्याकाळी तो घरी होता, भाकरी मी थापल्या, आमटी त्याने केली. मी सगळं सांगितलं. नोकरी जाईल का, असं त्याने विचारलं. नाही, शेरा येईल, असं मी म्हटलं.

“आमच्याकडे बरं असतं,” तो म्हणाला. “भोंगा झाला की माणूस सुटतो.”

“आमच्याकडे दोर सोडला की गुरं सुटतात. आम्ही नाही.”

मग त्याने विचारलं, त्या लोकांनी उद्या गुरं बांधलीच नसली तर? हा प्रश्न मी दिवसभर स्वतःला विचारायचा टाळला होता. मी म्हटलं, चार बांधलेली असतील. चारांसाठी जाशील, नोटीस ओढवून घेऊन, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, चारांसाठी जाईन. त्याने तीनचा गजर लावला आणि फोन माझ्या उशाशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मी दवाखान्याचं कुलूप काढलं तेव्हा परिचर पायरीवर बसला होता. तुम्हाला आठला थांबायला सांगितलंय ना, असं मी म्हटलं. “थांबलो तर धरायला कोण, मॅडम?” असं म्हणून त्याने दोर खांद्यावर टाकला. किल्ली आम्ही समोरच्या चहावाल्याकडे ठेवली आणि आठला दार उघडायला सांगितलं. त्याची तक्रार झालीच तर तीही माझ्यावर यावी म्हणून वहीत तसं लिहून सही केली.

पाच वाजून दहा मिनिटांनी पाड्यात पोचलो. तिची चार गुरं खुंट्याला होती. बाकीच्या दारांत माणसं उभी होती, काहींच्या हातात दोर होते, काहींनी अजून सोडले नव्हते, तीन घरची गुरं निघून गेलेली.  मी डबा खाली ठेवला आणि आधी तिच्यापुढे गेले. गुरुवारी मी आले नाही, निरोपही पोचवला नाही, चूक माझी होती, तुमची गुरं माझ्यामुळे उन्हात राहिली, हे सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. एक म्हातारा बसल्या जागेवरून म्हणाला, “आज सरकारनी सोडली काय बाय तुला?”

“सोडली नाही. आले.”

तिने चारही जनावरं स्वतः धरली. पडलेला म्हातारा बैल शेवटी आणला. त्याच्या पुढच्या गुडघ्यांवर दोन जखमा होत्या, त्या मी धुतल्या, मलम लावलं. ती मग दोर घेऊन शेजारच्या अंगणात गेली, तिथला पांढरा बैल शिंगाला धरून खुंट्याशी नेला आणि मालकाला म्हणाली, “बगतस काय, मान धर.” मालकाने मान धरली. त्यानंतर दुसऱ्या घरचे पुढे झाले, मग तिसऱ्या. मी टोचत होते, परिचर नंबर सांगत होता, मी लिहीत होते. फोन खिशात होता आणि त्याला तिथे काही कळत नव्हतं.

आठ वाजता एकेचाळीस झाली होती. सात राहिली होती, ती पहाटेच डोंगरात गेलेली. दुसरी बाटली उघडलेली होती, आणि उघडलेली बाटली त्याच दिवशी संपवावी लागते. मी तिला विचारलं, ती सात ऊन चढल्यावर कुठे बसतात. तिने हात करून ओढ्याकडची जांभळीची रांग दाखवली आणि पायात चपला घातल्या. परिचराने डबा उचलला, मी सिरिंज ओल्या फडक्यात गुंडाळली, म्हाताऱ्याने दोन दोर आणून दिले. साडेआठला आम्ही ओढ्याकडे चालायला लागलो.